भाव काढायचा कुणी

बिश्केक, २९ मार्च

विहीणबाई शरापात,

खुशाल असा. पाय कोरडे ठेवा. मॉस्कोत अजून बर्फ आहे म्हणे, चोल्पोन सांगत होती. इथे पाटांना पाणी सोडलंय आणि सगळी पोरं ओले मोजे घेऊन घरी येतात.

माझं पत्र बघून तुम्ही चमकाल. फोन असताना हिला कागद कुठून सुचला, म्हणाल. अहो, फोनवर आपल्या दोघींना बोलायला मिळतं कधी? तुमचा फोन आला की तो थेट बेगायीमच्या हातात. ती तो चाटते, आपटते, आणि मला शेवटी तुमचं कपाळ तेवढं दिसतं. शिवाय या भाड्याच्या घराच्या भिंती कागदाच्या. मी काही बोलले की पलीकडून माझा मुलगा तालांत खाकरतो. म्हणून लिहितेय. चौथीतून मला मेंढ्यांमागे धाडलं होतं, तेव्हा अक्षराला हसू नका. कासिम बस घेऊन तुमच्याकडे यायला निघालाय, त्याच्या हाती देतेय.

आधी आनंदाची बातमी. आपल्या नातीला वरचे दोन दात आले! खालचे दोन होतेच. आता हसली की अगदी माझ्यासारखी दिसते. चोल्पोन म्हणते तुमच्यासारखी. म्हणू दे, लेक आहे तुमची, तिला म्हणावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. तुमची एजंटबाई आली होती.

तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर मी निदान चांगला रुमाल बांधला असता. दार वाजलं, उघडलं, तर समोर ही उंच बाई. नखं अशी लाल, मला वाटलं बीट सोलता सोलता उठून आली. "मी जिल्दिझ. शरापात एजेंनी पाठवलंय. घर बघायचंय ना तुम्हाला?" एजे म्हणे, जशी तुमची धाकटी बहीणच! बूट मात्र दाराशी काढले, तेवढं कबूल करते. चहाही नीट प्याली. पण बसली ती माझ्या शिर्दाक गालिच्यावर, तोच, मी आत-बाशीला असताना स्वतः नमदा कुटून, शिंगांची नक्षी कापून शिवलेला. बसली आणि त्यावरून हात फिरवत राहिली.

"आपा, हा विकणार का?"

"हा माझ्या नातीचा आहे."

"भाव तर सांगा."

"बाई," म्हटलं, "तू घर दाखवायला आलीस की माझं घर उचलायला?"

ती हसली. असल्या बायकांना लाज नसते.

मग तिने वही काढली आणि सांगितलं, जुन्या कारखान्यामागच्या भागात बघू या, शरापात एजेंना तिथली हवा मानवते. मी म्हटलं, शरापात तर मॉस्कोत आहे, तिला इथली हवा मानवून काय करायचंय? तर म्हणाली, "परत येतीलच ना आपा, घर झालं की." तुम्ही परत येणार, किती आनंद झाला मला! तिला म्हटलंसुद्धा, आनंद झाला. पण विहीणबाई, कारखान्यामागे तुमची बहीण राहते, तुमच्या शाळेतल्या मैत्रिणी राहतात, तुमचे केस कापणारीसुद्धा तिथेच. मी तिथे कुणाला ओळखते? मी तिथे खिडकीत बसून काय बघू, तुमच्या मैत्रिणी माझ्या नातीला मांडीवर घेतात ते? पहिलं नातवंड बापाच्या आईच्या मांडीवर वाढतं, ही रीत मी नाही काढली. माझ्या सासूनेही तालांतला असंच वाढवलं, आणि तो मला सात वर्षांचा होईपर्यंत वहिनी म्हणत होता. मी तेव्हा बोलले काही?

आणि मुळात एजंट कशाला? मी आत-बाशीचं घर विकलं, तुम्ही तिकडे हॉटेलच्या धुलाईखान्यात हात सोलून घेतले, ते सगळं एकत्र करून पोरांना एक छप्पर घ्यायचं. त्यात या लाल नखांना वाटा का द्यायचा? आठवतंय ना, तुमच्या लेकीला मागायला मी स्वतः तुमच्या दारात आले होते. तिच्या कानात झुमके या माझ्या हातांनी घातले. मध्ये कोणी एजंट होता का? सून शोधायला एजंट लागला नाही, आणि नळ नि भिंती शोधायला लागतो!

एक सांगायचं राहिलं, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वेगळं कळायला नको. त्या बाईने तुम्हाला फोन लावला आणि तुमच्या आवाजासकट तो खोलीभर फिरवला. तेव्हा बेगायीम त्या दिशेने दोन पावलं चालली. चोल्पोनने केवढा आरडाओरडा केला, "चालली! माझ्या आईच्या आवाजाकडे चालली!" तसं काही नव्हतं. जमिनीवर बोर्सोक पडला होता, तो घ्यायला ती गेली. तळलेल्या पिठाचा तुकडा दिसला की ती कुणाचंच ऐकत नाही. आणि ती फोनला आजीला म्हणावं तसं "आपा" म्हणते, हेही मनावर घेऊ नका. ती मांजरालाही आपा म्हणते.

आता नीट चालू लागली की तिच्या पायातला दोरा कापायचा समारंभ मी मे महिन्यातच उरकणार. काळी आणि पांढरी लोकर वळून तिच्या पायांना बांधायचा दोरा तयार ठेवलाय. अंगणातली पोरं पळवू, जिंकेल त्याच्या हाती दोरा कापायला सुरी देऊ. तुम्हाला बघायला मिळेलच. कुणीतरी फोन धरेल.

तुमची विहीण,
उलकान


बिश्केक, २१ एप्रिल

विहीणबाई शरापात,

खूप आनंदात आहे मी, आधीच सांगते. कासिमच्या हाती तुम्ही पाठवलेला लोकरी कोट मिळाला. बेगायीमला सुंदर दिसतो. थोडा घट्ट आहे, तुम्हाला तिचं अंग कसं कळणार, तुम्ही तिला हातात कुठे घेतलंत! काखेत मी उसवून मोठा केला.

ऐका. एजंटशिवाय घर कसं शोधतात ते मी तुम्हाला सांगते. बाबागाडीत नात घालायची आणि जो चौक आवडेल तिथे जाऊन दाराशी बाकावर बसायचं. बस. दहा मिनिटांत कोणीतरी म्हातारी येऊन विचारते, "कुणाकडची?" मग मी विचारते, इथे कोण घर विकतंय? त्यांना सगळं माहीत असतं. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या छतातून पाणी येतं, कोण जर्मनीला चाललंय. सगळं खरं असतं असं नाही. एका चौकात तिघींनी मला एकाच घराबद्दल तीन गोष्टी सांगितल्या आणि मग आपापसातच भांडल्या.

मी तर रोज एक घर बघते. घर कुणाचंही असो, आत गेलं की नान पुढे येतोच, आणि तुकडा मोडून तोंडात घातल्याशिवाय उठायचं नाही. मग चहा. मग बेगायीमला काहीतरी. तिचे गाल असे झालेत की बाबागाडीच्या दोन्ही बाजूंना टेकतात. तुमची जिल्दिझ एका दुपारी चार घरं दाखवते म्हणे. चार घरांत चहा न पिता? ते घर बघणं झालं की चोरी?

आणि घर सापडलं!

तिसरा मजला. दोन खोल्या आणि मोठं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या बाल्कनीसमोर जर्दाळूचं झाड, फांद्या इतक्या जवळ की हात लांबवला की फूल हातात. आत्ता सगळं पांढरं आहे. बेगायीमने बघितलं आणि तोंड उघडंच ठेवलं. पलीकडे डोंगर. मी तिथे उभी राहिले आणि मला वाटलं, मी इथे मेले तरी चालेल. मग वाटलं, छे, इथे तर जगायला हवं.

मालक म्हणजे ओरोझबेक आक्साकल. एवढी पांढरी दाढी, पूर्वी घोड्यांचे डॉक्टर होते. बायको गेली, मुलगा कराकोलला बोलावतोय. अतिशय रीतीचा माणूस. मी पाच वेळा गेले. पहिल्या दिवशी त्यांच्या गुडघ्याचं बोललो. दुसऱ्या दिवशी आत-बाशीच्या कुरणांचं. त्यांनी आमच्या गावच्या घोड्या तपासल्या होत्या म्हणे, मी तेव्हा लहान होते. तिसऱ्या दिवशी मी बोर्सोक नेले, चौथ्या दिवशी त्यांनी बायकोचा फोटो दाखवला, आम्ही दोघंही रडलो. आणि काल, पाचव्या दिवशी, निघताना त्यांनी दोन्ही तळवे वर धरले, बेगायीमकडे बघून आशीर्वाद दिला, हात तोंडावरून फिरवले. मीही फिरवले. आमीन.

झालं! वडीलधाऱ्याने तळवे उघडल्यावर आणखी काय लागतं? मी जिन्यावरून उतरले तीच अंगणातल्या बाईला सांगत, "शेजारीण येतेय तुझी."

तुमच्या एजंटबाईला मी अगदी गोड शब्दांत निरोप दिला. तिची गाडी दाराशी उभी होती, कुठलंतरी कारखान्यामागचं घर दाखवायला आली होती. म्हटलं, "पोरी, तुझं काम संपलं. शरापातनेच सांगितलंय." तुम्ही सांगितलं नव्हतं, पण कळल्यावर सांगितलंच असतं. "तुझ्यासारख्या दहा जणींना जे जमलं नाही, ते मी बाकावर बसून केलं. तिसरा मजला, जर्दाळू, दक्षिणेकडे डोंगर, हौदाजवळची तिसरी इमारत. जा, बघून ये, म्हणजे घर कसं असतं ते कळेल तुला."

ती गाडीला टेकून ऐकत होती.

"किती म्हणतात आक्साकल?"

"ते काढू आम्ही. आम्ही रीतीची माणसं आहोत."

"बरं आपा," म्हणाली, आणि गेली.

मला वाटतं तिला वाईट वाटलं. वाटू दे. तुमच्याशी रोज बोलायला मिळतं म्हणून ती जरा चढली होती. परवा मला म्हणाली, "शरापात एजेंनी काल किती हसवलं मला!" मला तुम्ही कधी हसवलंत? माझ्याशी बोलता तेव्हा तब्येत, हवा आणि बेगायीमला दे.

उलकान

ता. क. जर्दाळूचं घर कारखान्यापासून लांब आहे. तुमच्या मैत्रिणींना दोन बस बदलाव्या लागतील. पण येतील बिचाऱ्या, मनात असलं तर.


बिश्केक, २० मे

विहीणबाई शरापात,

रागात लिहितेय, वाचता आलं नाही तर सोडून द्या.

माझं घर गेलं.

घर ठरलेलंच म्हणून महिनाभर गेले नव्हते, परवा सकाळी बोर्सोकची थाळी घेऊन आक्साकलांकडे गेले. जर्दाळूला हिरवी फळं धरलीत, बेगायीमला दाखवत दाखवत गेले. दार उघडं, आत खोकी बांधलेली. म्हातारा खोक्यावर बसलाय.

"आक्साकल, मला न सांगता सामान बांधलंत?"

"घर गेलं, बाई. दिलं मी."

"दिलं? कुणाला? तुम्ही तळवे उघडून आशीर्वाद दिला होतात!"

"तुझ्या नातीला दिला. पाय भक्कम होवोत, आयुष्य मोठं होवो. त्यात घर कुठे होतं?"

"मी पाच वेळा आले!"

"आलीस ना. चहा प्यालीस, घोड्यांचं बोललीस, माझ्या बायकोसाठी रडलीस, देव तुझं भलं करो. पण घर कितीला देता, हे एकदा तरी विचारलंस?"

"समोर नान असताना भाव कसा काढायचा?"

"आणि मी तरी घरी आलेल्या पाहुणीला भाव कसा सांगायचा? मी रोज वाट बघायचो, आज काढेल, उद्या काढेल. मला वाटलं, तुला एकटं वाटतं म्हणून येतेस."

विहीणबाई, मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. एकटं वाटतं म्हणून! माझी नात माझ्या कडेवर असताना!

मग सांगितलं त्यांनी. एक बाई आली. लाल नखांची. हो, तीच. नानचा तुकडा तोंडात टाकला आणि तो गिळायच्या आत म्हणाली, "आजोबा, कितीला?" त्यांनी सांगितलं. तिने जरा कमी करायला लावलं, त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी बयाणा आणून ठेवला. म्हातारा म्हणाला, "खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी बोललं एकदाचं."

कुणासाठी घेतलं, विचारलं. तर म्हणाले, मॉस्कोतल्या कुठल्याशा बाईसाठी.

बघा! एका मॉस्कोवालीसाठी! घर न बघता! मी डोळ्यांपुढे आणते तिला. कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर, समोर सोन्याचे दोन दात, हातात पिशवीएवढी पर्स. तिला जर्दाळू कशाला हवा? चार वर्षांत एकदा येईल, बाल्कनीत उभी राहून म्हणेल, "अय्या, किती धूळ!" तिची नातवंडं माझ्या झाडाची फळं तोडतील. माझ्या बेगायीमच्या झाडाची! मी कुणाचं वाईट चिंतत नाही. तिला झोप येवो, तिची भूक टिकून राहो. पण तिच्या स्वयंपाकघरातला नळ आयुष्यभर गळत राहो, एवढंच मागते. तुम्ही तिथेच असता, अशी कोणी बाई तुमच्या बघण्यात असली तर तिला माझं नाव सांगा आणि तोंडावर सांगा की ती हावरट आहे.

आणि ती जिल्दिझ! तुम्ही निवडलेली माणसं अशी. मी नव्हते सांगत, एजंट नको म्हणून? घर तिला मीच दाखवलं, सगळा पत्ता मीच सांगितला, माझंच तोंड. चुकी तिची.

घरी येऊन सांगितलं तर तालांत म्हणाला, "जाऊ दे आई, दुसरं मिळेल," आणि बाथरूममध्ये गेला. चोल्पोन चुलीकडे तोंड करून उभी राहिली, खांदे हलत होते तिचे. माझ्यासाठी रडली बिचारी. वळण चांगलं लावलंत हं तुम्ही तिला, हे कबूल करायला हवं.

काल फोनवर तुम्हाला सांगितलं तेव्हा मात्र तुम्ही नुसत्या "हं, हं" करत होतात. मग म्हणालात, बेगायीमला दे. मी इथे जळतेय आणि तुम्हाला बेगायीम हवी! दिली. तिने तुम्हाला बघितल्या बघितल्या टाळ्या पिटल्या. तिचं हल्ली असंच आहे, कशालाही टाळ्या पिटते.

दोरा कापायचा समारंभ या महिन्यात करणार होते. मन नाही.

उलकान


बिश्केक, २ जून

शरापात,

कासिमची बस पोचली असेल तर माझं मागचं पत्र उघडू नका. उघडलं असेल तर वाचू नका. वाचलं असेल तर ते नळाचं तेवढं विसरा. बाकीचं, कॉलर आणि दात वगैरे, ते तर तुम्हाला लागू होतच नाही.

चार दिवसांपूर्वी दुपारी जिल्दिझ आली. मी दार उघडलं, बघितलं आणि पुन्हा लावलं. ती बाहेरून म्हणाली, "आपा, किल्ल्या आणल्यात."

"कसल्या किल्ल्या?"

"जर्दाळूच्या."

मी दार बोटभर उघडलं.

"तुमच्या विहिणीने घेतलंय ते घर. त्या दिवशी तुम्ही मला हाकललंत ना, मी गाडीत बसूनच त्यांना फोन केला. म्हटलं, एजे, तुमच्या विहिणीला एक घर आवडलंय. त्या म्हणाल्या, घे."

"न बघता?"

"न बघता. म्हणाल्या, उलकान जिची एवढी बढाई मारते ती वस्तू वाईट असणारच नाही. आणि म्हणाल्या, बयाणा जाऊन कागद होईपर्यंत तिला सांगू नकोस. मी घेतलंय हे तिला कळलं तर तेच घर तिला आवडेनासं होईल."

शरापात, तुम्ही मला कुठून एवढं ओळखता? आपण दोघी एकत्र किती राहिलो? लग्नाचे ते चार दिवस, त्यातही मी तुमच्याशी धड बोलले नव्हते, कारण मटणाची बेशबर्माक तुमची माझ्यापेक्षा चांगली झाली होती.

मागे बघितलं तर चोल्पोन स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि आता तिचे खांदे पुन्हा हलत होते. त्या दिवशी रडत नव्हती ती! हसत होती! तालांतही बाथरूममध्ये जाऊन हसत होता! माझ्या आत-बाशीच्या घराचे पैसेही त्यानेच गुपचूप भरले होते! माझ्या घरात एक मला आणि बेगायीमला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणि बेगायीमलाही माहीत असेल, तुम्ही फोनवर तिला सांगितलं असेल, म्हणूनच टाळ्या पिटल्या.

मग मी घर बघायला गेले. त्यांना वाटलं मी रागावेन, नाक मुरडेन. मी बघितलं. जर्दाळू पिवळे व्हायला लागलेत. आवडलं. अजूनही आवडलं. तुम्ही यात चुकलात हं, लिहून ठेवा. मोठी खोली, डोंगराकडची, तुम्ही मला ठेवलीये म्हणून जिल्दिझ म्हणाली. मी खिडकीशी उभी राहिले आणि मला इतका राग आला! घर शोधलं मी. चहा पिऊन पिऊन पोट माझं बिघडलं. आणि देणाऱ्या तुम्ही ठरलात. नात तुमच्या आवाजावर नाचते, एजंटबाई तुमच्या विनोदावर हसते, सून तुमची लेक आहे, ते सगळं मी गिळलं. आता चांगुलपणातसुद्धा तुम्हीच माझ्या पुढे? हे मला सोसायचं नाही.

आणि संध्याकाळी चोल्पोन कांदा चिरता चिरता बोलून गेली, की आई येता हिवाळाही तिकडेच राहणार. घराला होतं नव्हतं ते गेलं, एजंटची दलाली द्यायची राहिलीये, ती फेडून मगच येईन म्हणते. मी विचारलं, "म्हणजे बेगायीम शाळेत जाईपर्यंत का?" ती म्हणाली, "नाही हो, एकच हिवाळा." आणि मग कांदा संपल्यावरही डोळे पुसत बसली. या वेळी खरंच रडत होती. मी पुढे जाऊन बघून घेतलं.

एक हिवाळा! तुम्ही अजून या पोरीला उचललेलं नाही. तिच्या मानेचा वास कसा आहे ते तुम्हाला माहीत नाही. मला रोज मिळतो तो. आणि तरी जळते मी तुमच्यावर. सांगा आता.

दुसऱ्या दिवशी मी शिर्दाक गुंडाळला, तालांतच्या गाडीत टाकला आणि जिल्दिझच्या कचेरीत नेऊन तिच्या टेबलावर पसरला. तिच्या सगळ्या कागदांवर. कचेरीतल्या पोरी उठून बघायला आल्या.

"आपा, हा तर नातीचा ना?"

"नातीला दुसरा शिवेन. हात आहेत अजून. तू याचा भाव काढ."

"तुम्हीच सांगा ना, तुमची वस्तू."

"मला भाव काढता येत नाही, हे आता आक्साकलांपासून सगळ्या चौकाला माहीत झालंय. तुझ्यासारखी निर्लज्ज बाई असते कशासाठी? काढ!"

ती खूप हसली. मी तिला हसवलं! मग गंभीर झाली, नखांनी टाके मोजल्यासारखे केले, उलटा करून बघितला, आणि एक भाव सांगितला. मला लाजच वाटली, एवढा. म्हटलं, कमी कर. म्हणाली, "आपा, तुम्ही विकताय. तुम्ही वाढवा म्हणायचं असतं." त्यात तिची दलाली फिटली, आणि वर मॉस्कोहून यायचं एक तिकीट बसतं म्हणाली. तिकीट तिच्याकडूनच काढून घेतलं, या पत्रासोबत कासिम देईल. तारीख बदलायची असली तर तिलाच फोन करा, तुमची मैत्रीण आहे ती. आता थोडी माझीही आहे. काल तिने स्वतःहून मला फोन केला होता, तुम्हाला नव्हे.

उपकार बिपकार मानू नका. घर तुम्ही दिलंत, तुम्हाला आणलं मी. फिट्टंफाट. मोठी खोलीही मला एकटीला नको. दोन पलंग बसतात, मी पावलांनी मोजलंय. खिडकीकडचा माझा.

दोरा अजून कापलेला नाही. बेगायीम आता पळते. अंगणातल्या बायका म्हणतात, "उलकान, पोर घोड्यासारखी धावतेय आणि तू अजून पाय सोडले नाहीस?" मी म्हणते, थांबा, एक माणूस यायचंय. फोन धरायला मी कुणालाही सांगणार नाही. नातीचं तोंड पहिल्यांदा बघायचं तर रिकाम्या हाताने येऊ नका, रीत तुम्हाला माहीत आहे.

दोरा कापला की पोर ज्याच्याकडे आधी धावते, ते माणूस तिचं म्हणतात. आपण दोघी जर्दाळूखाली समोरासमोर बसू. तुम्हीही हाक मारा, मीही मारीन.

एक तेवढं सांगून ठेवते, मागून भांडण नको. मार्चमध्ये ती तुमच्या आवाजाकडे चालली, तेव्हा जमिनीवर बोर्सोक नव्हता. या वेळी माझ्या खिशात असेल.

तुमची वाट बघणारी,
उलकान